फिल्मच्या पट्टीवर उजेड धडधडालाय, दर रोलला तेच: कॅमेरा, लाईट का टाकी?

गणपती झाले की हा प्रश्न ठरलेला. मंडपात नाहीतर इथं बेळगावच्या वडगावात कुणाच्या तरी यंत्रमागावर जाऊन १६ एमएमचा रोल काढायचा, घरीच धुवायचा (म्हणजे डेव्हलप करायचा), आणि रात्री मेसेज, "दादा चित्र धडधडालंय, उजेड कमी-जास्त कमी-जास्त व्हालाय, कॅमेरा गेला काय?" निपाणीकडनं येतो, खानापूरकडनं येतो, आमच्या शहापुरातल्या पोरांकडनं तर येतोच. प्रत्येकाला वेगवेगळं टाईप करून बोटं दुखाल्यात म्हणून एकदाच सगळं इथं लिहून टाकतो.

पहिली गोष्ट, कॅमेरा उघडू नका आणि सर्व्हिसिंगला मुंबईला पाठवूही नका. धडधड झाली की पोरं एकदम तीन गोष्टी बदलतात, फिल्म दुसरी घेतात, डेव्हलपर दुसरा करतात, कॅमेऱ्यात तेल सोडतात, आणि पुढचा रोल चांगला आला तरी कशानं आला ते कळत नाही, मग तिसऱ्या रोलला परत तेच. फिल्म फुकट येत नाही बाबांनो. दोष कुठनं आलाय ते बहुतेक वेळा पट्टीवरच दिसतं, फक्त ती हातात घेऊन फ्रेम मोजायला पाहिजेत, आणि तेच कुणी करत नाही.

मला व्हिडिओ पाठवू नका, हे दुसरं. भिंतीवर प्रोजेक्टर लावून मोबाईलनं शूट केलेलं असेल तर ती धडधड प्रोजेक्टरच्या शटरची आणि मोबाईलची मिळून झालेली असू शकते, पट्टी बिचारी चांगली असते. डिजिटल कॅमेऱ्यानं एकेक फ्रेम कॉपी करणारे पण एक्स्पोजर ऑटोवर ठेवून देतात, मग प्रत्येक फ्रेमला कॅमेरा स्वतःच्या मनानं उजेड ठरवतो. मॅन्युअलवर टाका, आणि त्याच्याही आधी निगेटिव्ह हातात घ्या. मोबाईलवर पांढरा स्क्रीन लावायचा, त्यावर पट्टी, वर भिंग. निगेटिव्ह आहे हे विसरू नका, जिथं जास्त उजेड पडलाय तिथं पट्टी काळी असणार.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. पट्टीच्या कडेला कंपनीचं नाव, नंबर वगैरे छापलेलं असतं ना, कोडॅकच्या १६ एमएमवर तो नंबर दर २० फ्रेमला, म्हणजे अर्ध्या फुटाला येतो. ही अक्षरं कारखान्यातच उजेडानं छापलेली असतात आणि तुम्ही फिल्म धुताना चित्राबरोबरच उमटतात. म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही, पण तुमच्या टाकीचा, म्हणजे फिल्म धुवायच्या डब्याचा, पूर्ण संबंध आहे. चित्र कमी-जास्त होतंय आणि अक्षरं मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच काळी आहेत, तर धुण्यात दोष नाही, कॅमेऱ्यात नाहीतर लाईटमध्ये बघा. चित्राबरोबर अक्षरं पण फिकी-गडद फिकी-गडद होत असतील तर कॅमेऱ्याला शिव्या द्यायच्या बंद करा, टाकीकडं बघा. एवढ्या एका तपासणीत निम्मे लोक सुटतात.

अक्षरं चांगली आहेत असं धरून पुढं जाऊ. एक काळी फ्रेम धरा आणि परत तेवढीच काळी फ्रेम कितव्या नंबरला येते ते मोजा. एकाच शॉटमध्ये चार-पाच वेळा मोजा. १६ एमएमला फुटाला ४० फ्रेम असतात, एक फ्रेम म्हणजे साडेसात मिलिमीटरच्या थोडं वर, त्यामुळं मोजायचा कंटाळा आला तर मोजपट्टी लावून मापलं तरी चालतंय.

२४ च्या स्पीडला शूट केलंय आणि दर ६ फ्रेमला एक लाट येते? मग तो लाईट आहे, शंभर टक्के. आपल्याकडं करंट ५० हर्ट्झचा, म्हणजे चोकवाली ट्यूबलाईट, सोडियमचे पिवळे दिवे, स्वस्तातले एलईडी बल्ब हे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला दिसत नाही. कॅमेरा सेकंदाला २४ फ्रेम घेतो. चोवीस चोक शहाण्णव, १०० ला ४ उरले, तेवढ्याच लाटा सेकंदाला, आणि २४ भागिले ४ म्हणजे ६ फ्रेम. मंडपातली ती सगळी एलईडीची लायटिंग, स्वस्त माळा, हे सगळं त्यात आलं.

पण चावीचा (स्प्रिंगवर चालणारा) कॅमेरा काही काटेकोर २४ ला चालत नाही की. तुमचा बोलेक्स साडेचोवीसला पळत असला तर हीच लाट १२ फ्रेमला एक येईल, साडेतेवीसला असला तर ४ फ्रेमला एक. अर्ध्या फ्रेमचा फरक आणि एवढी उलथापालथ, म्हणून दोघं मित्र एकाच मंडपात एकाच ट्यूबखाली शूट करतात आणि एकाचं भराभर फडफडतं, दुसऱ्याचं सावकाश श्वास घेतल्यासारखं दिसतं, मग वाटतं दोघांचे आजार वेगळे. आजार एकच. उलट ह्याचा फायदा करून घ्या, लाट किती फ्रेमला येते त्यावरनं कॅमेऱ्याचा खरा स्पीड काढता येतो, कुठल्या मेकॅनिकला पैसे द्यायची गरज नाही.

जनरेटरवर अजून मजा होते. छोट्या जनरेटरची फ्रिक्वेन्सी लोड पडला की खाली येते. ती ४८ ला आली तर दिवे सेकंदाला ९६ वेळा लुकलुकणार, आणि ९६ म्हणजे बरोबर २४ चोक, लाट गायब! मग आरतीच्या वेळी सगळे फोकस चालू असताना काढलेला शॉट एकदम स्वच्छ, आणि लोड उतरल्यावरचा धडधडणारा. "कधी येतंय कधी नाही" असं जे सांगतात ना, त्यांना मी आधी विचारतो की लाईट कुठनं घेतला होता.

यूट्यूबवर बघून बरेच जण सांगतात की शटर, म्हणजे लेन्समागच्या फिरत्या चकतीची उघडी फट, १४४ अंशाला लाव, फ्लिकर (हीच धडधड) जाईल. तो सल्ला अमेरिकेचा आहे, तिथं करंट ६० हर्ट्झचा. २४ ला १४४ अंश म्हणजे १/६० सेकंद, त्यांना बरोबर बसतंय. आपल्याला १/५० पाहिजे, म्हणजे १७२.८ अंश. ज्यांच्याकडं शटर बदलता येणारा मोठा कॅमेरा आहे त्यांनी तेवढं लावावं आणि पुढचं वाचायची गरज नाही, पण इथं तसलं कुणाकडं असतंय.

रिफ्लेक्स बोलेक्सचं शटर १३३ अंशाच्या आसपास, २४ ला १/६५ सेकंद पडतं, जिथं लाट चांगलीच दिसते. रशियन क्रास्नोगोर्स्क-३ चं १५० अंश, लाट थोडी कमी पण आहेच. बोलेक्सवाल्यांना एक सोपा उपाय आहे, स्पीड १८ ला आणा. १३३ अंशाला १८ फ्रेम म्हणजे जवळजवळ १/५० सेकंद, प्रत्येक फ्रेमला दिव्याचे दोन पूर्ण झोत मिळतात, कमी-जास्त व्हायला जागाच राहत नाही. अगदी शून्य होत नाही पण डोळ्याला टोचत नाही. अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, अर्ध्या स्टॉपच्या आसपास बंद करा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि स्कॅन केल्यावर १८ नंच चालवा, नाहीतर विणकर मागावर पळालाय असं दिसेल. संवाद असलेला शॉट असेल तर मात्र हा उपाय गैरसोयीचा, ते मान्य. २५ ला चालवून बघतो म्हणणारे पण असतात, ते क्रिस्टल मोटर (स्पीड काटेकोर धरणारी इलेक्ट्रिक मोटर) असेल तर उत्तम, कारण १०० ला २५ नं पूर्ण भाग जातो, पण चावीवर २५ लावलं आणि कॅमेरा पावणेपंचवीसला चालला तर सेकंदाला एक लाट येईल आणि ती फडफडीपेक्षा जास्त खुपते.

त्यापेक्षा दिवाच बदला. जुना फिलामेंटचा मोठा हॅलोजन, ५०० वॅटच्या वरचा, त्याची तार जाड असते, एका क्षणात थंड होत नाही, लाट जवळजवळ येतच नाही. इलेक्ट्रॉनिक चोकची ट्यूब पण चालते, ती हजारोंच्या फ्रिक्वेन्सीवर चालते. कुठली ट्यूब कसली हे ओळखायचं तर मोबाईलवर २४० चं स्लो मोशन लावून दिव्याकडं धरा, लुकलुकताना दिसला की तो दिवा बाद. हे शूटच्या आदल्या दिवशी जाऊन करायचं, फिल्म घालून झाल्यावर नाही.

आणि वडगाव-खासबागला मागावर शूट करणाऱ्यांसाठी खास. पॉवरलूमच्या शेडात बहुतेक थ्री फेज असतोच. सगळ्या ट्यूबा एकाच फेजवर असतील तर सगळ्या एकदमच कमी आणि एकदमच जास्त होतात. शेजारशेजारच्या तीन ट्यूबा तीन वेगळ्या फेजवर टाकल्या तर एकीचा खड्डा दुसरी भरून काढते. जुन्या सिनेमावाल्यांची युक्ती आहे ही. पण वायरमनकडनंच करून घ्या, स्वतः बोर्डात हात घालू नका, आणि मालकाला विचारल्याशिवाय तर बिलकुल नको, तिथं लोकांचं पोट चालतंय. मागाच्या हादऱ्यानं उजेड बदलतो असं एकानं मला ठासून सांगितलं होतं. हादऱ्यानं चित्र हलेल, धूसर होईल, उजेड कमी-जास्त नाही होणार.

बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा तयार केला त्या काळात शूटिंग मुख्यतः सूर्यावर चालायचं, त्यामुळं ही भानगड त्यांना नव्हती. आपल्याला पण तपासायला सूर्यच कामाचा आहे. त्याच रोलवर उन्हातले किंवा सावलीतले शॉट असतील तर ते आधी बघा. बाहेरचे शॉट स्वच्छ आणि आतलेच धडधडतात, तर लाईटच. बाहेरचे पण धडधडतात, तर गाडी पुढं चालू द्या.

समजा लाट फ्रेमला धरून नाही, शॉट बदलला तरी ती आपली चालूच आहे, आणि रोलच्या एका टोकाला १३-१४ फ्रेमला एकदा येते, दुसऱ्या टोकाकडं जाताना अंतर वाढत वाढत तीसच्या वर जातं. हे बघितलं की लगेच ओळखायचं, उजेड गुंडाळलेल्या रोलवर बाहेरनं पडलाय. १०० फुटी स्पूलचा आतला वेढा साधारण १३ फ्रेमचा आणि भरलेल्या स्पूलचा बाहेरचा वेढा तेहतीस-चौतीस फ्रेमचा असतो, उजेड एका जागेतनं घुसला की प्रत्येक वेढ्याला एक डाग. चित्राच्या चौकटीच्या बाहेर, भोकांच्या कडेला बघा, तिथं पण काळपटपणा असेल. लेन्समधनं आलेला उजेड चौकटीच्या बाहेर जात नाही, त्यामुळं कडेला धूर दिसला की लेन्स, शटर, दिवा सगळे निर्दोष. दाराच्या कडेला काळी टेप मारा, आणि कॅमेरा कडक उन्हात लोड करू नका हे किती वेळा सांगायचं. डेलाईट स्पूल म्हणजे उन्हात चालतो असा अर्थ नाही, सावली लागतेच, नसली तर निदान जॅकेट डोक्यावर घ्या.

बोलेक्समध्ये अजून दोन चोरवाटा आहेत. एक म्हणजे लेन्सच्या मागं जिलेटीन फिल्टर घालायची फट. त्यात रिकामा का होईना होल्डर पाहिजेच, जुन्या बाजारातनं घेतलेल्या कॅमेऱ्यात तो हटकून हरवलेला असतो. दुसरी म्हणजे डोळा लावायची आयपीस. आत प्रिझम आहे, त्यामुळं डोळा बाजूला केला आणि मागं ऊन असलं तर तिथनं शिरलेला उजेड फिल्मपर्यंत पोचू शकतो. ट्रायपॉडवर लावून स्वतः शॉटमध्ये जाणारे हिरो असतात ना, त्यांच्याच पट्टीवर हे जास्त सापडतं. आयपीस बंद करायची सोय असते, ती वापरा. हा धूर मात्र चौकटीच्या आत येतो, कडेला नाही, आणि ढग आला-गेला की बदलतो, म्हणून फसवतो.

लाटच नाही, नुसतं शॉटच्या शेवटाकडं पट्टी काळी काळी होत जाते, असं असेल तर चावी. स्प्रिंग उतरताना कॅमेरा मंद झाला की प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ उजेड मिळतो. चांगल्या बोलेक्सचा गव्हर्नर शेवटपर्यंत स्पीड धरून ठेवतो, पूर्ण चावीला २४ नं साधारण २८ सेकंद. ग्रीस वाळलेलं असेल तर स्पीड मध्येच चढतो मध्येच पडतो. तपासायला फिल्म घालायची गरज नाही, कॅमेऱ्याजवळ मोबाईल ठेवून आवाज रेकॉर्ड करा आणि कुठल्याही साऊंड एडिटिंगच्या अॅपमध्ये एका सेकंदात किती टिकटिक आहे ते मोजा, सुरुवातीचा सेकंद आणि शेवटचा सेकंद. फरक दिसला तर मग खुशाल सर्व्हिसिंगला पाठवा. शॉटची पहिली एक-दोन फ्रेम काळी असते ती मात्र सगळ्यांचीच असते, मोटर वेग घेईपर्यंत तसं होतंच, एडिटला कापून टाका.

काहीच हिशोबात बसत नाही, कधी इथं अंधार कधी तिथं, हॅलोजनवर काढलेला शॉट? व्होल्टेज. फिलामेंटच्या दिव्याला व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड ३० टक्क्याच्या आसपास पडतो, म्हणजे अर्धा स्टॉप गेलाच. शेतात मोटर सुरू झाली, शेजारी वेल्डिंगवाला बसलाय, संपलं. स्टॅबिलायझर लावा किंवा ती वेळ टाळा.

आता अक्षरं पण फिकी-गडद होणारे लोक. तुमची टाकी. रशियन स्पायरल टाकीवाले डेव्हलपर ओतल्यावर चहा प्यायला जातात, मग भोकांच्या शेजारी उभे पट्टे येतात, कारण न हलवलेलं, वापरून झालेलं द्रावण तिथंच साचून राहतं. सुरुवातीचा अर्धा मिनिट सतत हलवा, नंतर ठरावीक वेळानं, आणि प्रत्येक वेळी तेवढंच. रिवाइंडवाली टाकी असेल तर ज्यादा सावध, पट्टी ह्या चाकावरनं त्या चाकावर जाताना टोकांना आणि मधल्या भागाला द्रावण सारखं मिळत नाही, हँडल एकाच वेगानं न थांबता फिरवायला लागतं, मध्ये फोन आला तर वाजू दे. बादलीत पट्टी सोडून धुणाऱ्यांना मी काही सांगत नाही, तो वेगळाच पंथ आहे, तिथं पट्टीला पट्टी चिकटून जे डाग येतात ते कुठल्याच हिशोबात बसत नाहीत.

तापमान हे मोठं कारण. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे ते दिवस गेले, एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात लावला तरी कोमट लागतंय. डी-७६ डेव्हलपरचा टाईम २० डिग्रीचा दिलेला असतो. पाणी गरम म्हणून टाईम कापत कापत तुम्ही तीन-चार मिनिटावर आणला तर फिल्म सारखी धुतली जाणारच नाही, पाच मिनिटाच्या खाली जायचंच नाही. एक तर १:१ पातळ करून टाईम वाढवा, नाहीतर परातीत बर्फाच्या बाटल्या घालून टाकी त्यात बसवा, बर्फ डेव्हलपरमध्ये नाही, पातळ होतो. आणि फिक्सर, धुवायचं पाणी हे पण जवळपास तेवढ्याच तापमानाचं ठेवा, २० च्या डेव्हलपरमधनं काढून एकदम ३० च्या नळाखाली धरलं की फिल्मवरचं जिलेटीन सुरकुततं, मग धडधडीपेक्षा मोठं दुखणं. बोअरचं पाणी असेल तर शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये करा, वाळल्यावर क्षाराचे ठिपके राहतात आणि लोक त्याला पण फ्लिकर म्हणून पाठवतात.

एवढं करून पण गाठ सुटत नसेल तर एक टेस्ट रोल काढायला लागणार, त्याला इलाज नाही. १०० फुटाचे दहा-दहा फुटाचे तुकडे समजा, १० फूट म्हणजे ४०० फ्रेम, २४ ला सतरा सेकंद, एका चावीत आरामात बसतं. एक तुकडा सावलीतली चुन्याची भिंत, आकाश निरभ्र असताना. भर उन्हात नको, कोडॅकची ब्लॅक अँड व्हाईट डबल-एक्स दिवसा २५० एएसएची फिल्म आहे, एनडी (उजेड कमी करणारा) फिल्टर नसला तर लेन्स तेवढी बंदच होत नाही. एक तुकडा लेन्सवर झाकण ठेवून, कॅमेरा उन्हात. ह्या तुकड्यावर काही उमटलं तर ते लेन्समधनं आलेलं नाही हे उघड आहे. एक ट्यूबखाली २४ ला, एक त्याच ट्यूबखाली १८ ला, एक हॅलोजनवर. प्रत्येकाच्या सुरुवातीला पाटीवर खडूनं लिहून दोन सेकंद दाखवा, नंतर काय कुठलं ते आठवत नाही. मग रोलच्या उरलेल्या भागात हेच सगळं परत काढा, अंधारात मधोमध कापा, एक अर्धा तुम्ही धुवा आणि दुसरा अर्धा मित्राला त्याच्या टाकीत धुवायला द्या. पावसाळ्यात हे करू नका, ढगांमुळं भिंतीचा उजेडच बदलत राहतो, आणि पट्टी वाळायला दोन-दोन दिवस लागून तिच्यावर धूळ बसते ते वेगळंच.

त्यानंतर विचारायचं असेल तर असं विचारा: निगेटिव्हचा फोटो, पट्टीशेजारी मोजपट्टी ठेवून, कडेची अक्षरं आणि भोकं दोन्ही दिसली पाहिजेत, सलग निदान वीस फ्रेम. सोबत कॅमेरा कुठला, स्पीड किती, दिवे कसले, करंट लाईनचा का जनरेटरचा, टाकी कुठली, पाण्याचं तापमान किती. हे नसेल तर मी परत तेच विचारणार, आणि तुम्ही परत व्हिडिओ पाठवणार.